सलमान खान की सासूबाई?

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की चुडावा लागतं. स्टेशन, पोलीस ठाणं, शाळा, सोयाबीन-कापसाची शिवारं, आणि आजारपण मोठं निघालं की नांदेडची वाट. तिथल्या एका ओसरीवर रंगलेला वाद मी ऐकला, तो इथे मांडतो. वाद मामा-भाचीचा. मामा हायस्कूलला विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, म्हणजे अंनिसचे जुने कार्यकर्ते. भाची एएनएम, म्हणजे गावाच्या तोंडी सिस्टर. मामा चिडले की तेही तिला सिस्टरच म्हणतात. निमित्त झालं तिच्या हातातल्या प्रशिक्षणाच्या पत्राचं. ‘लसीकरणासाठी सर्वसमावेशक व संस्कृती-संवेदनशील संवाद’ असा विषय होता. मामांनी तो मोठ्याने वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

मामा : गोवराचा विषाणू कुणाची जात विचारतो का? मग लशीला कशाला धर्म न् संस्कृती? एक वाक्य ठरवा आणि सगळ्यांना तेच सांगा. मी वर्गात पाटलाच्या पोराला एक आणि तांड्यावरच्या पोराला दुसरा असे दोन धडे कधी शिकवले नाहीत.

सिस्टर : धडा एकच होता, खरं आहे. पण ज्याला कळला नाही त्याला तुम्ही संध्याकाळी घरी बोलवायचे की नाही? मी तेवढंच म्हणते.

मामा : तेवढंच नाही म्हणत तुम्ही लोक. मला खरी चीड आली ती नोव्हेंबर 2021 मध्ये. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे, आपल्या शेजारच्या जालन्याचे. ते म्हणाले, मुस्लिमबहुल भागांत लोक कोविडची लस घ्यायला कचरतात, तर सलमान खानची आणि धर्मगुरूंची मदत घेऊ. आता आपल्या गल्लीतले चाचा पहिल्याच आठवड्यात टोचून आले होते. त्यांना काय वाटलं असेल? मुसलमान म्हटलं की सलमान खान! ही संवेदनशीलता असेल तर मला ती नको.

सिस्टर : मामा, इथं मी तुमच्या बाजूने आहे.

मामांना हे अपेक्षित नव्हतं. तयार ठेवलेली दोन-तीन वाक्यं त्यांना गिळावी लागली.

सिस्टर : त्याच महिन्यात पंतप्रधानांनी कमी लसीकरणाच्या जिल्ह्यांची बैठक घेतली. आपल्या दोन बाजूचे दोन जिल्हे त्यात होते, नांदेड आणि हिंगोली. नंदुरबारही होतं. आता नंदुरबारला कोण राहतं? भिल्ल, पावरा. मग एकट्या मुसलमानांचा काय संबंध? आणि हे लोक ‘कचरतात’ म्हणायच्या आधी मे महिना आठवा. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस जाहीर केली आणि राज्याला ते लसीकरण थांबवावं लागलं, कारण लसच नव्हती. नोंदणीचं ते कोविन, ते जूनपर्यंत मराठीत नव्हतंच, नुसतं इंग्रजी. ज्यांच्या पोराकडे मोबाइल त्यांना नंबर मिळाला, बाकीचे केंद्रावरून परत गेले. परत गेलेला माणूस सहा महिन्यांनी ‘आता नको’ म्हणाला, तर त्याला अंधश्रद्धाळू म्हणायचं का?

मामा : ते नियोजनाचं अपयश. त्याचा संस्कृतीशी काय संबंध?

सिस्टर : तेच तर. निम्म्या वेळा संस्कृतीचा संबंधच नसतो, पण कागदावर कारण लिहिताना ‘गैरसमज’ लिहिलं की सोपं पडतं.

मामा : बरं, मग ज्यांचा खरंच विरोध आहे त्यांचं काय करायचं? औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्याच नोव्हेंबरात आदेश काढला होता, किमान एक डोस नसेल तर रेशन नाही, गॅस नाही, पेट्रोल नाही. मला तो आदेश आवडला होता. देवीचा रोग काय गोडीगुलाबीने गेला? मुंबईत 1877 सालीच सक्तीचा कायदा झाला होता.

सिस्टर : कायदा 1877 चा आणि देशातला शेवटचा रोगी 1975 चा. मधली शंभर वर्षं कायदा कुठं होता? शेवटी शेवटी तर रोगी कळवणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत बक्षीस देत होते. म्हणजे दंडुका फारसा चालला नसावा. आणि रेशन बंद केल्यावर उपाशी कोण राहतं हो? पेट्रोलवाला नाही. ज्या घरात लस पोचली नाही तेच घर. पुढं मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही.

मामा : न्यायालयाने हेही सांगितलं की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणात निर्बंध घालू शकतं. अर्धाच निकाल सांगू नकोस.

सिस्टर : सांगते पूर्ण. पण ‘प्रमाणात’ म्हणजे किती, हे पुण्याला 1897 मध्ये कुणी विचारलं नाही. प्लेग तपासायला सोल्जर थेट स्वयंपाकघरात, देवघरात शिरले. 22 जूनला गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. प्लेग राहिला बाजूला.

मामा : आणि त्याच साली मुंबईत हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ते विज्ञान! त्याला कुठल्या संस्कृती-संवेदनशीलतेची गरज पडली?

सिस्टर : पडली की. खोजा लोक लस घेईनात, म्हणून त्यांचे धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः चारचौघांत, एकदा नाही अनेकदा, लस टोचून घेतली. हाफकिनला कामासाठी आपला बंगलाही दिला.

मामा : सापडलीस! मग आगाखान म्हणजे त्या काळचा सलमान खानच की. तुझं तुलाच खोडता येत नाही आता.

मला वाटलं, इथे मामांनी बाजी मारली. सिस्टरने चहाच्या कपबशा आत नेऊन ठेवल्या आणि परत येऊन उत्तर दिलं.

सिस्टर : फरक आहे. आगाखान त्यांचा होता. आज सुई घेतली, उद्या त्याच लोकांत उठणार-बसणार, ताप आला तर तेच बघणार. सलमान खान टीव्हीवर येईल, पण दुसऱ्या दिवशी लेकरू रात्रभर रडलं तर त्याच्या दारात कोण जाणार? दुसऱ्या दिवशी मी नाही तर आशाताई गेली, की पुढच्या महिन्यात ते घर स्वतःहून येतं. नाही गेली, तर पुढचे तीन डोस गेले समजा.

मामा : हे मान्य. पण ही चांगली सेवा झाली. यात संस्कृती कुठं आली?

सिस्टर : येते, सांगते. गोवर आला की आपल्याकडं काय करतात? दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, लेकराला वेगळं निजवायचं. मी नवीन असताना एका घरात म्हणाले, हे काढा आधी. आजीने मला उंबऱ्याबाहेर उभं केलं. आता मी म्हणते, लिंब राहू द्या, फोडणी नका देऊ, पण लेकराला ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस आज एक आणि उद्या एक घेऊ द्या, आणि धाप लागली तर माझी वाट न बघता गाडी करा.

मामा : म्हणजे तू अंधश्रद्धेला पाणी घालतेस! आम्ही उभी हयात घालवली हे तण उपटण्यात, आणि सरकारी सिस्टर म्हणते लिंब राहू द्या.

सिस्टर : लिंबाच्या डहाळ्याने लेकरू मरत नाही मामा, दवाखान्यात उशिरा नेल्याने मरतं. वेगळं निजवतात हे तर माझ्या फायद्याचंच आहे, दुसऱ्या लेकराला लागत नाही. माझ्याकडं त्या घरात दहा मिनिटं असतात. ती मी लिंबाशी भांडण्यात घालवू, की लेकराची छाती बघण्यात?

मामा : आणि मंत्राने उतरतो म्हणणारा बाबा तिथं बसलेला असला तर?

सिस्टर : तर भांडते. तिथं जीव जातो.

मामा काही वेळ बोलले नाहीत. पण ते हरलेले नव्हते. पुढचा मुद्दा त्यांनी काढला, तो या संध्याकाळचा सगळ्यात वजनदार होता असं माझं मत आहे.

मामा : मागं तूच सांगत होतीस, तांड्यावर गेलीस की आधी नायकाला भेटतेस. मुसलमान मोहल्ल्यात मौलवींना. आपल्या घरांत सासूबाईंना. बरोबर? मग मला सांग, लेकरू कुणाचं? आईचं. तिला कोण विचारतं? तुझ्या संवेदनशीलतेने त्या बाईचं मत नायकाच्या, मौलवीच्या आणि सासूच्या खिशात घातलं. नायक ‘हो’ म्हणाला तर लस, ‘नाही’ म्हणाला तर नाही. आम्ही ज्यांच्या हातून अधिकार काढून घ्यायला झटलो, त्यांच्याच हातात सरकार मान ठेवून परत देतंय. याला सर्वसमावेशक म्हणायचं?

सिस्टर : (थोडं थांबून) हे मलाही टोचतं.

मामा : उत्तर दे.

सिस्टर : पूर्ण उत्तर नाही माझ्याकडं. मी काय करते ते सांगते. आधी आईशी बोलते, एकटीशी. कार्ड भरताना, वजन घेताना, सासू आत गेली की. तिला विचारते, तुला काय वाटतं? बहुतेक वेळा तिची लस द्यायची तयारी असते. तिला भीती असते ती ‘कुणाला विचारून टोचलं’ या प्रश्नाची. मग मी सासूबाईंकडं जाते, पण परवानगी मागायला नाही. सांगायला जाते की आज रात्री ताप येईल, मांडीला गाठ येईल, तेव्हा सुनेला बोलू नका, ही गोळी द्या, हा माझा नंबर. सासूला काम दिलं की ती माझ्या बाजूने होते. आणि नायकाला भेटते ते जागेसाठी. त्याच्या ओट्यावर बसून टोचलं तर बायका येतात. पण त्याने नाही म्हटलं म्हणून मी परत फिरले, असं करत नाही. अंगणवाडीत बसते.

मामा : कायम जमतं?

सिस्टर : नाही.

तिने हे ‘नाही’ ज्या सहजपणे म्हटलं, त्यामुळे मामांचा आवाज खाली आला. त्यांनी स्वतःच विषय बदलला, पण गेले ते आणखी अवघड जागी.

मामा : एक सांग. लशीत डुकराचं काही असतं का, असं कुणी विचारलं तर तू काय सांगतेस?

सिस्टर : जे खरं असेल ते.

मामा : म्हणजे काय? डिसेंबर 2020 मध्ये मुंबईत जिलेटिनवरून गदारोळ झाला होता. जून 2021 मध्ये दुसऱ्या बाजूने उठला, कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रक्तद्रव आहे म्हणून. आधी मोहल्ल्यात, मग आपल्या आळीत. मला तर हसू येत होतं, दोघांची भीती एकच, फक्त जनावर वेगळं.

सिस्टर : हसू नका, त्यातच सगळं आहे. वासराच्या बाबतीत आरोग्य मंत्रालयाने काय केलं? ते रक्तद्रव ज्या पेशींवर विषाणू वाढवतात त्या पेशी तयार करायला वापरतात, नंतर धुऊन काढतात, तयार लशीत ते नसतं, असं स्पष्ट सांगितलं. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढंच म्हणून सोडलं नाही. मी तेच गावात सांगितलं आणि विषय मिटला.

मामा : ते सोपं होतं, कारण उत्तर ‘नाही’ असं होतं. उत्तर ‘हो’ असतं तर?

सिस्टर : असं झालेलंही आहे. ऑगस्ट 2018, इंडोनेशिया. लस कुणाची? आपल्या पुण्याच्या सीरमची, गोवर-रुबेलाची. तिथल्या उलेमा परिषदेने फतवा काढला की ही तयार करताना डुकरापासूनचा घटक वापरलाय, त्यामुळे मुळात ती निषिद्ध. पण लेकरांना धोका आहे आणि दुसरी लस हाताशी नाही, म्हणून तोवर चालेल.

मामा : आणि परिणाम? लोकांनी पहिलं अर्धं वाक्य ऐकलं असणार.

सिस्टर : हो. जावा बेटाबाहेर बऱ्याच भागांत लसीकरण घसरलं. पण चूक सांगण्यात नव्हती, उशिरा सांगण्यात होती. मोहीम सुरू झाल्यावर फतवा आला. आधी विद्वानांशी बसून ठरवलं असतं आणि मोहिमेच्या पहिल्याच दिवशी दोन्ही अर्धी वाक्यं एकत्र सांगितली असती तर?

मामा : तर कदाचित. मी सांगतो काय झालं असतं. कुणी तरी पहिल्या अर्ध्याचा व्हिडिओ केला असता. तीन महिन्यांनी, 27 नोव्हेंबर 2018 ला, आपल्या राज्यात हीच गोवर-रुबेलाची मोहीम शाळांमधून निघाली. मी तेव्हा शाळेत होतो. उर्दू शाळांमध्ये पालक गेटवर उभे होते, ‘पोरं पुढं वांझ होतील’ असा मेसेज फिरत होता. तशात इंडोनेशियाचा फतवा वाचून दाखवायचा होता का आम्ही?

सिस्टर : वाचून दाखवायचा नव्हता. पण विचारणाऱ्याला ‘असलं काही नसतं’ असं ठोकून द्यायचंही नव्हतं. त्याच्या मोबाइलवर ती बातमी आधीच होती. आपण ‘नाही’ म्हटलं की आपलं बाकीचं सगळंही खोटं ठरतं, वांझपणाच्या अफवेला दिलेलं खरं उत्तरसुद्धा.

या मुद्द्यावर दोघांत एकमत झालं नाही, आणि मला त्यात दोघांचाही प्रामाणिकपणा दिसला. मामांना विज्ञानाची काळजी होती, अर्धवट सत्य हातात पडलं की लोक त्याचं काय करतात याची. सिस्टरला काळजी होती स्वतःच्या तोंडाची, कारण तिला त्याच दारात पुढची वीस वर्षं उभं राहायचं आहे.

मामा : बरं, शाळेचा विषय निघालाच आहे. त्या मोहिमेत पालकांच्या संमतीचं काय चाललं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ‘उद्या डबा खाऊन या, सुई आहे,’ एवढीच कुठं कुठं सूचना.

सिस्टर : आणि जानेवारी 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या सरकारला रोखलं, पालकांची स्पष्ट संमती हवी आणि लशीचे दुष्परिणामही आधी सांगा म्हणून. आपल्या खात्यात बऱ्याच जणांना राग आला होता. मला नाही आला. खम्ममचं माहीत आहे ना तुम्हाला? 2009 साली आंध्रात आणि गुजरातेत मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प होता. खम्ममला वसतिगृहातल्या आदिवासी मुली. संमतीच्या कागदांवर सह्या कुणाच्या? वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या. 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला, संसदीय समितीने पुढं ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती मामा. आज तीच लस शहरातले लोक पैसे मोजून आपल्या पोरींना देतात. पण आश्रमशाळेतल्या पोरीच्या आईबापाला विचारायला कुणाला वेळ नव्हता, आणि नंतर कित्येक वर्षं त्या लशीचं नाव काढलं की खम्मम पुढं यायचं.

मामा : हे मी वर्गात सांगायला हवं होतं.

सिस्टर : आताही सांगा. सभेत सांगा.

मामा : पण एक हिशेब कर. सपाटीवर पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र. तू एक, सोबत आशाताया. गोवराची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. लशीच्या डब्यातला बर्फ वितळतोय, रजिस्टर, ऑनलाइन नोंदी. त्यात तू प्रत्येक सासूशी दहा मिनिटं बोलणार कधी? सरकार एका हाताने संवेदनशीलतेचं प्रशिक्षण देतं आणि दुसऱ्या हाताने सकाळी दहा ते दुपारचं सत्र लावतं. सकाळी दहाला आपल्या बायका कुठं असतात? कापूस वेचायला. हे पत्र काढणाऱ्याने एकदा वेचणीच्या दिवसांत इथं यावं.

सिस्टर : (हसून) बघा, आता तुम्हीच संस्कृती-संवेदनशील बोलायला लागलात.

मामा : मी शेतीचं वेळापत्रक बोलतोय!

सिस्टर : तेच हो. कोविडच्या वेळी 18 वर्षांवरच्यांची लस उघडली ती मे 2021 मध्ये, ऐन रमजानात. रोज्यात सुई चालते का, हे बायका मला विचारत होत्या. मला माहीत नव्हतं. आम्ही आशाताईला मौलवींकडं पाठवलं, ते म्हणाले चालते, रोजा तुटत नाही. पण मोहीम ठरवताना कुणी कॅलेंडर बघितलं होतं का? वेचणी, रमजान, जत्रा, ऊसतोड, हे सगळं एकाच कॅलेंडरवर आहे. ते भिंतीवर लावायला काय खर्च येतो?

ऊसतोडीचं नाव निघालं तसा मामांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्यांच्या शाळेतली अर्धी गळती त्याच वाटेने झालेली. दसऱ्या-दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळ्या निघतात, कोयत्यावर नवरा-बायको दोघं, सोबत झोळीतलं लेकरू. परत येतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर. दीड महिन्याचा, अडीच महिन्याचा, साडेतीन महिन्याचा, नऊ महिन्यांचा, असे जे डोस लेकराला हवेत, त्यांतले निम्मे कुठल्या तरी साखर कारखान्याच्या फडात यायचे असतात. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवराने लेकरं दगावली तेव्हाही चर्चा धर्माची झाली. कोविडच्या दोन वर्षांत चुकलेल्या डोसांची आणि एका खोलीत दहा माणसं राहतात याची चर्चा त्यामानाने कमी झाली.

मला विचाराल तर या वादात मामांचा एक मुद्दा पुरून उरतो: समाजाचा मान राखायचा म्हणून समाजाच्या पुढाऱ्याला विचारायचं आणि आईला नाही, याला समावेशक म्हणता येणार नाही. बाकी बहुतेक ठिकाणी मी सिस्टरच्या बाजूने आहे. नुसतं भाषांतर करून, पोस्टरवर टोपी-पगडी-लुगड्यातली चित्रं काढून काम होत नाही. खरं उत्तर, तेही वेळेत, आणि दुसऱ्या दिवशी त्या दारात परत जाणारं माणूस, एवढं लागतं. त्यासाठी माणसं नेमावी लागतात, आणि पत्र काढण्यापेक्षा ते महाग असतं.

तुमच्या गावातून, ओळखीतून कुणी टोळीबरोबर निघत असेल तर दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. लेकराचं लसीकरणाचं कार्ड सोबत बांधून न्यायचं. आणि ते हरवलं तरी घाबरायचं नाही: महाराष्ट्रातल्या असो की कर्नाटकातल्या, कुठल्याही सरकारी केंद्रावर बाळाच्या लशी फुकट मिळतात, आणि गोवराचा चुकलेला डोस पाच वर्षांपर्यंत घेता येतो.